जुनी कॅम्पर फोर बाय फोर: इंजिन बदलू की आहे तेच बांधू?

कुळागरवाला

नमस्कार मंडळी. गाड्यांमधले बरेच जाणकार इथे वावरतात म्हणून धागा काढतोय.

बोलेरो कॅम्पर, फोर बाय फोर, २००६ चं मॉडेल. २५२३ सीसीचं साधं डीआय (थेट इंजेक्शनचं जुन्या धाटणीचं डिझेल) इंजिन, टर्बो नाही. आधी डिचोलीकडे खाणीवरच्या एका कंत्राटदाराकडे होती. २०१२ ला खाणी बंद पडल्या तेव्हा त्याने गाड्या विकायला काढल्या. त्यातली ही मामाने घेतली आणि मामाकडून माझ्या गळ्यात आली. कामं नेहमीचीच. कुळागरातून सुपारी-नारळ काढायचे, काजूच्या दिवसांत डोंगरावरून बिया खाली आणायच्या, मधूनमधून चोर्ल्यातून बेळगाव.

दुखणं असं, की भरलेली गाडी चोर्ल्याच्या चढाला तिसऱ्यावर मान टाकते. दुसरा टाकला की नुसता आवाज, आणि मागे बसवाला हॉर्न मारतोय. सपाटीला मात्र झकास पळते. काटा ६० वर असतो तेव्हा मोबाइल ६८-६९ दाखवतो. फोर बाय फोरचा दांडा टाकला तर काढताना अडकून बसतो, म्हणून त्याला मी हातच लावत नाही.

मेस्त (मेकॅनिक) म्हणतो इंजिन बसलं, ऑइलच्या झाकणातून धूर मारतंय. आहे तेच बांधायचं, क्वालिसचं टोयोटा २.४ बसवायचं (त्याच्या ओळखीत एक पडलंय) किंवा स्कॉर्पिओचं सीआरडीई (कॉम्प्युटरवर चालणारं नव्या धाटणीचं डिझेल) घालायचं, असं तो सुचवतो. तुम्ही काय कराल?

घाटवाट

सीआरडीई. प्रश्नच नाही. २०१० च्या थारमध्ये कंपनीनेच २४९८ सीसीचं सीआरडीई दिलं होतं, १०५ बीएचपी, २४७ एनएम. तुझ्या डीआयच्या दीडपटीहून जास्त ताकद. एनजीटी ५३० गिअरबॉक्ससकट उचल, चॅसीत जागा आहे. चोर्ला चौथ्यावर चढशील.

बिनटर्बो

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

आरटीओ_एजंट_नव्हे

नेहमीप्रमाणे आनंदावर विरजण घालायला मी आलो.

मोटार वाहन कायदा, कलम ५२. आरसीवर लिहिलेला तपशील मूळ कंपनीच्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा फेरफार करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या प्रकरणात हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं: बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. 'दर फेरफारामागे' हे शब्द नीट वाचा. इंजिन, टायर, बंपर वेगवेगळे मोजले जाऊ शकतात.

त्याच बनावटीचं, त्याच जातीचं इंजिन परवानगी घेऊन बदलता येतं आणि नवा नंबर आरसीवर चढवून मिळतो. महिंद्राच्या डीआयच्या जागी महिंद्राचं डीआय, ठीक. क्वालिसचं टोयोटा, नाही.

कॅम्परचं पासिंग बहुतेक मालवाहू म्हणून असेल. म्हणजे आता दरवर्षी फिटनेस. तिथे इंजिन नंबर बघतात. आणि उद्या घाटात कुणाला लागलं तर विमा कंपनी सगळ्यात आधी तोच बघेल. कुळागरवाले, आधी एक करा. आरसीवरचा इंजिन नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर जुळतात का ते पाहा. खाणीवरच्या गाड्यांचं काही सांगता येत नाही.

घाटवाट

काका, तुमच्या हिशेबाने पावसात वायपर चालू करायलाही परवानगी लागेल. अर्धा गोवा बदललेल्या जीपवर फिरतोय.

आरटीओ_एजंट_नव्हे

फिरतोय ना. पत्रादेवीला नाहीतर मोल्याला अडवला की त्यातलाच कुणीतरी रात्री मला फोन करतो.

कुळेंचो_जीपवालो

पात्रांव, मी दूधसागरला जीप मारतो, म्हणून थोडं माझंही ऐका.

आमच्या लाइनीत डीआय चालतं ते उगाच नाही. कुळ्याहून धबधब्याकडे जाताना नदी गाडीनेच ओलांडावी लागते. ऑक्टोबरच्या सुमारास सीझन सुरू होतो तेव्हा पाण्याला जोर असतो, कधी बंपरच्या वर येतं. डीआयला डिझेल आणि हवा मिळाली की ते चालत राहतं. जुन्या पंपांना तर बंद करायलासुद्धा तार ओढावी लागते, वायरिंगशी देणंघेणं नाही. सीआरडीईत सेन्सर, कॉम्प्युटर, कनेक्टर. कंपनीने बसवलेलं असतं तोवर ते पाण्यापासून सांभाळलेलं असतं. गॅरेजमध्ये इन्सुलेशन टेप गुंडाळून बसवलेलं नदीच्या मधोमध थांबतं, आणि मागे पाच जीपा ताटकळतात.

दुसरी गोष्ट, इंजिनाच्या नादात लोक ब्रीदर विसरतात. दोन्ही हौजिंगवर (पुढच्या आणि मागच्या चाकांमधला, आत गिअर असलेला लोखंडी डबा) हवा जायला एक छोटी नळी असते. घाट उतरून आलेलं गरम हौजिंग एकदम थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि पाणी आत खेचलं जातं. नंतर ऑइल काढून बघा, दुधाच्या चहासारखं निघतं. चार हात रबरी पाइप लावून तोंड वर बोनेटपर्यंत न्यायचं, झालं. शंभर-दोनशे रुपयांचं काम, ते कोणी करत नाही. सगळ्यांना टर्बो पाहिजे.

बिनटर्बो

नाव काढलंत माझं!

पणजीची_जिप्सी

इंजिन बदलून घेतलेल्यांपैकी मी एक, त्यामुळे लिहिते. माझी पिकअप नाही, जिप्सी आहे, कार्ब्युरेटरवाली १३०० सीसी. त्यात जुन्या बलेनोचं १६०० सीसी बसवून घेतलं. दोन्ही सुझुकीच्या एकाच घराण्यातली, बेल हाऊसिंगचे (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं क्लचचं आवरण) बोल्ट जसेच्या तसे बसतात. इथपर्यंत ऐकून वाटतं, शनिवारी घातली, रविवारी काढली.

मग एकेक निघत गेलं. बलेनो आडव्या इंजिनाची, जिप्सी उभ्या. त्यामुळे माउंट नवे, पाण्याचे पाइप नवे, सायलेन्सरचं तोंड नवं. कार्ब्युरेटरच्या गाडीला इंजिनावरचा साधा पंप पुरतो, फ्युएल इंजेक्शनला जास्त दाबाचा इलेक्ट्रिक पंप आणि टाकीत परत येणारी लाइन लागते. म्हणजे टाकी उतरवा. मग वायरिंग. दात्या गाडीचं पूर्ण हार्नेस, कॉम्प्युटर, सेन्सर एकाच वेळी, एकाच गाडीतून घ्या. सुटे सुटे गोळा करायला गेलात की गेलात. नवं इंजिन बसलं, पळायला लागलं, तेव्हा कळलं की ब्रेक जुन्याच ताकदीचे आहेत. हौस म्हणून मी पुन्हा करीन. पण ज्या गाडीवर सुपारी बाजारात जायची आहे तिच्यावर नाही.

जिप्सीत एक सोय आहे जी जीपला नाही. ट्रान्स्फर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा) गिअरबॉक्सला चिकटलेली नाही, मध्ये छोटा शाफ्ट आहे. त्यामुळे पुढे काहीही बदललं तरी फोर बाय फोरला धक्का लागत नाही.

दुबईकर_बार्देशी

सगळं सोडा आणि लँडक्रूझर ७९ घ्या. इथे वाळवंटात ४१६४ सीसीचं सहा सिलिंडर १एचझेड, ना टर्बो ना कॉम्प्युटर, मरेपर्यंत चालतं.

कुळागरवाला

भारतात विकतात का ती? आणि किंमत ऐकून माझीच सुपारी फुटेल.

दुबईकर_बार्देशी

नाही विकत. म्हणून तर सांगतोय, जीव जाळायला बरं पडतं.

वर्तुळाकार_व्यास

ताईंनी ब्रेकचा विषय काढला तो महत्त्वाचा. क्वालिसच्या टोयोटा २एल बद्दल थोडं. (२४४६ सीसी, बोअर ९२, स्ट्रोक ९२. उत्तम इंजिन, वाद नाही.)

डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखी थ्रॉटल नसते, त्यामुळे ब्रेक बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम आपोआप मिळत नाही. त्यासाठी वेगळा पंप लागतो, तो या गाड्यांत अल्टरनेटरच्या मागे बसवलेला असतो. इंजिन बदलताना अल्टरनेटर जागेत बसत नाही म्हणून दुसराच लावतात, पंप राहतो जुन्या इंजिनावर, आणि पहिल्या उतारावर ब्रेकचं पेडल दगडाचं झालेलं असतं. चोर्ल्यात, भरल्या गाडीनिशी.

दुसरं, क्वालिस मागच्या चाकांवर चालणारी. तिच्याखाली पुढचं हौजिंग नाहीच. तिचं ऑइल सम्प (इंजिनाखालची ऑइलची परात) फोर बाय फोरच्या पुढच्या हौजिंगवर आदळू शकतं, खड्ड्यात हमखास. मग सम्प कापून, वेल्ड करून, आतला ऑइल ओढणारा पाइपही सरकवावा लागतो. टायमिंग बेल्ट आहे, तो कधी बदलला हे भंगारवाला सांगणार नाही. आणि इंजिन एकदा तापलेलं असलं तर हेड तपासल्याशिवाय हात लावू नये.

अडॅप्टर प्लेट (परकं इंजिन गिअरबॉक्सला जोडणारी प्लेट) तर वेगळाच विषय. क्रँक आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट एका रेषेत हवेत. डायल गेज न लावता, डोळ्यांनी बघून भोकं पाडलेली प्लेट असेल तर आधी क्लच थरथरतो, मग इनपुटचं बेअरिंग ओरडतं.

म्हापशाचो_लेथ

हे अगदी खरं. लोक येतात, 'भाऊ, उद्यापर्यंत प्लेट करून दे.' नमुना म्हणून काय आणतात? पुठ्ठा! पुठ्ठ्यावर हातोडी मारून उमटवलेली भोकं. मी त्यांना इंजिन आणि बेल हाऊसिंग दोन्ही आणायला सांगतो, की ते जातात दुसऱ्याकडे.

घाटवाट

लेथ भाऊ, पण नीट केलं तर होतं ना? हरियाणातल्या मंडी डबवालीत जीपांवर वर्षानुवर्षं करताहेत लोक.

म्हापशाचो_लेथ

होतं. नीट केलं तर सगळंच होतं. नीटचे पैसे द्यायची तयारी पाहिजे. इंजिन स्वस्त मिळालं म्हणून जो आनंदाने येतो, त्याचा निम्मा खर्च अजून व्हायचा असतो.

चालत_जा

या सगळ्यापेक्षा बैलगाडी.

गणित_मास्तर

धागा उशिरा वाचला. इंजिनावर इतकं लिहून झालं, पण कुळागरवाल्यांनी पहिल्याच पोस्टमध्ये सहज म्हणून टाकलेलं एक वाक्य कोणी वाचलेलं दिसत नाही. काटा ६० वर, मोबाइलवर ६८-६९.

कंपनीचा स्पीडोमीटर नेहमी थोडा जास्त दाखवतो, कमी नाही. तुमचा बारा-तेरा टक्के कमी दाखवतोय. केबल ट्रान्स्फर केसमधून निघते, म्हणजे ती शाफ्टचे फेरे मोजते. मागच्या हौजिंगमध्ये कुठला रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे) आहे हे तिला माहीतच नसतं. कारणं दोनच. एकतर टायर मूळपेक्षा चौदा टक्के मोठे, आणि ते नजरेला लगेच कळेल. नाहीतर मागचं हौजिंग किंवा त्यातले क्राउन-पिनियन (रेशो ठरवणारी दात्यांच्या चाकांची जोडी) कुणीतरी बदललेत.

टायर कुठले आहेत?

कुळागरवाला

टायर कंपनीच्याच मापाचे. साइडवॉलवर आणि दारावरच्या स्टिकरवर एकच माप आहे. इंजिन नंबरही आरसीशी जुळतो, आत्ताच विजेरी घेऊन बघितला. मास्तर, म्हणजे काय करू?

गणित_मास्तर

मोजा. हँडब्रेक मागच्या चाकांना असतो म्हणून तो सोडावा लागेल, तेव्हा सपाट जागा बघा आणि पुढच्या चाकांना दगड लावा. गिअर न्यूट्रल. मागचं एकच चाक जॅकवर उचला, खाली स्टँड द्या. चाकावर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करा. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि तेवढ्यात शाफ्टचे किती होतात ते दुसऱ्या माणसाला मोजायला सांगा. (एक चाक जमिनीवर असताना डिफरन्शियल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर, अर्धं काम खातं म्हणून दोन फेरे.) जो आकडा येईल तो रेशो. तसंच पुढच्या हौजिंगचं, तेव्हा दगड मागच्या चाकांना.

फोर बाय फोरचा दांडा का अडकतो हेही त्यातून कळेल असा माझा होरा आहे.

घाटवाट

मास्तर, दांडा अडकणं नॉर्मल आहे. या गाड्यांत मध्ये डिफरन्शियल नसतं, डांबरावर फोर बाय फोर टाकून वळलं की ताण बसतो. थोडं रिव्हर्स घेतलं की सुटतो.

गणित_मास्तर

डांबरावर, मान्य. कुळागरवाले, चिखलात काय होतं?

कुळागरवाला

चिखलातही झटके देते. स्टेअरिंग जड होतं. जून महिन्यात केरीकडच्या बागेत टाकला होता, दांडा काढायला जॅक लावून चाक उचलावं लागलं.

कुळेंचो_जीपवालो

मग मास्तर बरोबर. ओल्या लाल मातीत चाक सरकून ताण आपोआप सुटायला हवा. आमच्याकडे एकाने दुसऱ्या जीपचं मागचं हौजिंग आणून बसवलं होतं, हीच लक्षणं.

पणजीची_जिप्सी

आता उत्सुकता लागली. मोजून कळवा हो.

बिनटर्बो

वाखूसा (वाचनखूण साठवली). असा सस्पेन्स हल्ली मालिकांमध्येही नसतो.

कुळागरवाला

मोजलं. भावाला शाफ्टजवळ आडवा घातला होता, त्याच्या शिव्या वेगळ्या. पुढे चाकाच्या दोन फेऱ्यांत शाफ्टचे पाचाला अगदी थोडे कमी. मागे चार आणि वर पाव, किंचित जास्त. दोनदा मोजलं, तेच आलं.

गणित_मास्तर

पुढे ४.८८ (३९ दाते भागिले ८), मागे ४.२७ (४७ भागिले ११). हे दोन्ही जीपच्या दुनियेत ठरलेले रेशो आहेत. ४.२७ भागिले ४.८८ म्हणजे ०.८७५. आता ६० ला ०.८७५ ने भागा: ६८.६. तुमचा मोबाइल खरं बोलत होता.

बाकीचं त्यातूनच निघतं. मागचा रेशो उंच केल्यामुळे सपाटीला कमी फेऱ्यांत जास्त वेग, म्हणून ती 'झकास पळते'. पण प्रत्येक गिअरला चाकावरची ओढ साडेबारा टक्क्यांनी कमी. रिकाम्या गाडीत जाणवत नाही, भरल्या गाडीत चोर्ल्यात तिसरा आणि दुसरा यांच्यामध्ये लोंबकळायला तेवढं पुरतं. आणि फोर बाय फोर टाकलं की त्याच शाफ्टच्या वेगाला मागची चाकं पुढच्यांपेक्षा १४ टक्के जोरात फिरायला बघतात. दोघांत ट्रान्स्फर केस पिळली जाते.

खाणीवर मागचं हौजिंग गेलं असेल, जे हाताशी मिळालं ते बसवलं असेल. फोर बाय फोर लागत नसेल तर कुणाच्या लक्षातही येणार नाही.

आरटीओ_एजंट_नव्हे

मास्तर, तुम्हाला फिटनेसला उभं करायला हवं.

वर्तुळाकार_व्यास

मास्तरांना दंडवत. पण झाकणातल्या धुराचा प्रश्न उरतोच. जुन्या डिझेलला झाकण उघडलं की थोडा धूर असतोच, त्यावरून इंजिन बसलं म्हणणं घाईचं. कुळागरवाले, कॉम्प्रेशन तपासून घ्या. चारही सिलिंडर एकमेकांच्या आसपास आहेत ना, ते बघा. एखादाच खाली असेल तर गोष्ट वेगळी. नोझल आणि पंप कॅलिब्रेशनला टाका, चढाला काळा धूर सोडत असेल तर आधी तेच.

घाटवाट

ठीक, हरलो. पण रेशो नीट केल्यावरही ते साठेक घोड्यांचंच इंजिन राहणार. दोन टन घेऊन चढणार कसं?

कुळेंचो_जीपवालो

दोन टन भरायलाच नकोत रे बाबा, पिकअप आहे ती, ट्रक नव्हे.

कुळागरवाला

कॉम्प्रेशन करून आणलं. मेस्ताकडे गेज नव्हतं म्हणून फोंड्याला दुसरीकडे नेली. चारही जवळपास सारखे, इंजिन बांधायची गरज नाही असं म्हणाले. नोझल दोन गळत होते, ते काढून दिलेत. तेव्हा इंजिन बदलायचं रद्द.

आता प्रश्न हौजिंगचा. मागचं ४.८८ करू की पुढचं ४.२७? पुढचं करणं स्वस्त पडेल असं मेस्त म्हणतो.

वर्तुळाकार_व्यास

पुढचं ४.२७ केलंत तर दांडा अडकायचा थांबेल, चोर्ला तसाच राहील. महामार्गावर रिकामी पळवणाऱ्याने ते करावं. तुम्ही मागचं ४.८८ करा. स्पीडोमीटरही आपोआप ताळ्यावर येईल.

पणजीची_जिप्सी

+१. आणि हौजिंग उघडलंच आहे तर कुळ्याच्या दादांनी सांगितलेली ब्रीदरची नळीही लावून टाका.

म्हापशाचो_लेथ

भंगारातून क्राउन-पिनियन घेणार असाल तर एवढं बघा. दोन्ही जोडीनेच घ्यायचे, कारखान्यात ते एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. पिनियनच्या तोंडावर आणि क्राउनच्या कडेला जोडीचा नंबर कोरलेला असतो, तो एकच आहे ना ते पुसून वाचा. लाल माती आणि ग्रीस चढलेलं असतं, डिझेलने धुवा. दातांवरून नख फिरवा, अडकलं तर सोडून द्या. आणि ४.२७ च्या कॅरिअरवर (क्राउन ज्याला बोल्टने बसतो तो भाग) ४.८८ चा क्राउन बसतो की नाही हे आधी मोजून घ्या. काही हौजिंगांत क्राउन बसायच्या बैठकीची उंची रेशोप्रमाणे वेगळी असते, मग कॅरिअरही शोधावा लागतो. बसवताना शिम (पातळ चकत्या) लावून बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) सेट करायचा आणि दातांना रंग लावून खूण कुठे पडते ते बघायचं. 'हाताला बरोबर वाटतंय' म्हणणाऱ्याकडे देऊ नका. सुरुवातीला भार न टाकता चालवा आणि पहिलं ऑइल लवकर बदला.

कुळागरवाला

कॅरिअरचं माहीत नव्हतं. उद्या हौजिंग उघडतो आणि माप इथे टाकतो.